इंग्लिश आडनावाचा मूळ पुरुष आणि वंशावळीची साइट: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात साइटने न विचारता वर्गणी पुढे चालू केली आणि कार्डावरून पूर्ण वर्षाचे पैसे कापले. चॅटवर भांडून ते परत मिळवले. आता डोक्यात सगळं ताजं आहे तेव्हा लिहूनच टाकते. साइटचं नाव घेत नाही, मोठ्या पॅकेजवाल्यांपैकीच एक आहे. अशा साइटवर जुन्या नोंदींच्या पानांचे फोटो बघता येतात आणि आपल्या घराण्याचं झाड मांडता येतं.

माझं सासर वेस्ट यॉर्कशरमधल्या होम खोऱ्यातलं, आडनाव साइक्स. हे आडनाव त्याच भागातलं, हडर्सफील्डच्या आसपास आजही भरपूर सापडतं. सासऱ्यांना एकच आस आहे, मध्ययुगातला आपला मूळ पुरुष कोण ते कळावं. त्यासाठीच सगळ्यात महाग पॅकेज घेतलं होतं.

पहिले काही महिने मी साइटवर बेहद्द खूश होते. जुलै १८३७ पासूनची सरकारी नोंदणी, १८५१ च्या शिरगणतीतलं जन्मगाव, त्याआधी बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या चर्चच्या चोपड्या. पानांचे फोटो इतके स्वच्छ की कारकुनाने शाई बदललेलीही दिसते. १७०० पर्यंत काही अडलं नाही. तेवढ्यावर मी चार तारे दिले होते.

मग आलं १६२३, आणि ही साइट कामातून गेली.

इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी आणि चर्चच्या हिशेबात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपलं नाही का पाडव्याला बदलत, तसंच. म्हणजे चोपडीत डिसेंबर १६२३ नंतर जानेवारी १६२३ येतो, मग फेब्रुवारी १६२३, आणि मार्च संपता संपता १६२४ सुरू. आमच्या घराण्यातलं लग्न मे १६२३ मधलं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६२३ मधला. आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६२४, लग्नानंतर नऊ महिन्यांनी. त्याच पानावर वरून खाली वाचत गेलं की क्रम डोळ्यांना दिसतो. साइटला मात्र दिसत नाही. तिने लाल त्रिकोण लावला: मूल लग्नाच्या तीन महिने आधी जन्मलं.

अशा तारखा लिहायची रीत इथे ठरलेली आहे, १६२३/२४. वंशावळ करणारा प्रत्येक जण तशीच लिहितो. मी लिहिलं, तर साइटने तिरकी रेघ खाऊन टाकली आणि पुन्हा १६२३ केलं. तक्रार केली. उत्तर आलं, मूळ कागदावर आहे तेच साल आम्ही दाखवतो. अहो, मग कागदावरचा क्रमही दाखवा! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, फक्त खाली नाव दुसऱ्याचं. १७५१ हे वर्ष इंग्लंडमध्ये २८२ दिवसांचंच होतं, कारण ते २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपवलं, हे शाळकरी मुलालाही समजावता येतं. पण एवढे पैसे घेणाऱ्या प्रोग्रॅमला जानेवारी ते मार्च हे तीन महिने सांभाळता येत नाहीत.

हे एवढं ताणते आहे कारण नुकसान त्या लाल त्रिकोणावर थांबत नाही. मूल या जोडप्याचं नाही असं धरून साइट दुसरे आईबाप सुचवते. ते सुचवलेले आईबाप कुणीतरी आधीच स्वतःच्या झाडाला लावलेले असतात, त्या झाडाला आणखी कुणाचं जोडलेलं, आणि चार क्लिकमध्ये तुम्ही एका सरदाराचे वंशज होता. सासऱ्यांनी ते स्क्रीनवर पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि त्याला एकाही कागदाचा आधार नाही हे मलाच त्यांना सांगावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता मध्ययुगाचं. चर्चच्या चोपड्या ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा, १५३८ चा. त्यामागे साइटकडे दाखवण्यासारखं फारसं नाही. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागाच्या, छान टिकल्या आहेत, पण त्यात गावाखाली नाव आणि कर एवढंच. बहुतेकांपुढे चार पेन्स. बाप कोण, वय काय, काही नाही. नुसतं आडनाव जुळलं म्हणून आपला माणूस म्हणता येत नाही. साइक्स आडनावावर तर ऑक्सफर्डमध्ये अभ्यासच झाला, २००० साली छापून आला: ४८ पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांचाच वाय गुणसूत्राचा (हे बापाकडून मुलाकडे जातं) नमुना एक निघाला. उरलेल्यांच्या घराण्यांत मधल्या शतकांत कुठेतरी दत्तक, अनौरस संतती, आईकडून आलेलं नाव असं काहीही झालेलं असू शकतं.

मधली दीडशे वर्षं भरून काढतात ती जहागिरीच्या कचेरीची दप्तरं. वेकफील्ड जहागिरीचे रोल, म्हणजे कचेरीच्या नोंदींच्या गुंडाळ्या, १२७४ पासून १९२५ पर्यंतचे आहेत, आणि होम खोरं त्याच जहागिरीत येत होतं. कुळ मेलं की मुलाने कचेरीत यायचं, नजराणा भरायचा, जमीन नावावर करून घ्यायची. आणि कारकून लॅटिनमध्ये लिहिणार, अमक्याचा मुलगा आणि वारस. बापलेकाचं नातं ठाम सांगणारा कागद तो हाच. मूळ रोल लीड्स विद्यापीठाच्या ब्रदरटन ग्रंथालयात आहेत आणि बऱ्याच वर्षांचे इंग्रजी अनुवाद छापलेले आहेत. माझ्या महाग पॅकेजमध्ये यातलं एक पान नव्हतं.

म्हणून आता दोन तारे, तेही त्या फोटोंसाठी. १८३७ पर्यंतच जायचं असेल तर एक महिन्याची वर्गणी घ्या, झपाटून काम करा, लागतील ती पानं उतरवून घ्या आणि बंद करा. त्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, इंग्लंडमधल्या बऱ्याच वाचनालयांत अशा साइट फुकट वापरता येतात. फ्रीरेज आणि फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या साइटना पैसे पडत नाहीत. झाड मात्र साइटवर ठेवू नका, आपल्या संगणकावरच्या अशा प्रोग्रॅममध्ये ठेवा जो १६२३/२४ घेतो. विकत घेण्याआधी ही एक तारीख टाकून बघा.

मी वर्गणी बंद केली आहे. वाचलेल्या पैशांत वेकफील्ड रोलच्या अनुवादाचे दोन जुने खंड मागवले, सासऱ्यांनी पहिला वाचायला घेतलाय.