सोयाबीन तेलातलं लिनोलेनिक: निकेल, तांबं की तिसरी वाट?

तळणासाठी सोयाबीन तेल टिकाऊ करायचं, तर आडवं येतं त्यातलं एक मेदाम्ल, लिनोलेनिक आम्ल. ते तेलात असतं अवघं 7-8 टक्के, पण तीन दुहेरी बंधांमुळे ऑक्सिजन आधी त्यालाच गाठतो आणि तेल खवट होतं. 1951 मध्ये अमेरिकेतल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत हर्बर्ट डटन आणि सहकाऱ्यांनी सरकीच्या तेलाच्या रेणूंत हे आम्ल बसवलं. ते तेल जुनं झाल्यावर चव पारखणाऱ्यांनी चक्क सोयाबीनचं म्हणून ओळखलं! मग दुहेरी बंधांना हायड्रोजन देऊन हे आम्ल घटवायचं ठरलं. प्रश्न उरला उत्प्रेरकाचा, म्हणजे ही अभिक्रिया घडवून आणणाऱ्या धातूचा.

निकेल स्वस्त, चपळ आणि गाळायला सोपं. पण ते लिनोलेनिकवर थांबत नाही. तेलात निम्म्याच्या आसपास असलेल्या, दोन दुहेरी बंधांच्या लिनोलिकलाही हायड्रोजन देत सुटतं. आयोडीन मूल्य (तेलात दुहेरी बंध किती, त्याचं माप) 130 वरून 110 पर्यंत उतरवलं की थंडीत तेल गढूळ होतं, मग गारवून घन भाग वेगळा काढावा लागतो.

तांबं इथे सरस. लिनोलेनिक ते कितीतरी अधिक नेमकेपणाने उचलतं, एकाच दुहेरी बंधाच्या ओलिकला जवळपास हात लावत नाही, म्हणून दुहेरी बंध नसलेलं, घट्ट स्टिअरिक वाढत नाही. कागदावर मीही तांबंच निवडेन. पण तेलात तांब्याचा अंश उरला, तर तेच तेल झपाट्याने खवट करतं. त्यामुळे हा अंश काढणाऱ्या ब्लीचिंग (शोषक मातीने तेल शुद्ध करणं) आणि सायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेत जराही ढिलाई चालत नाही. शिवाय तांबं मंद आहे, आणि कॉपर क्रोमाइट (तांबं-क्रोमियमचा उत्प्रेरक) वापरलं तर वापरून झालेल्या क्रोमियमची विल्हेवाट गळ्यात पडते.

आज भारतात निर्णय फिरवते ती ट्रान्स फॅट, म्हणजे दुहेरी बंधाची रचना बदललेला मेद. अर्धवट हायड्रोजनीकरणात ती दोन्ही धातूंनी तयार होते, आणि जानेवारी 2022 पासून एफएसएसएआयची (भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा 2 टक्के आहे. हृदयाला होणारा अपाय पाहता ही मर्यादा योग्यच आहे. म्हणून तळणाच्या तेलासाठी मी दोन्ही धातू नाकारेन.

त्याऐवजी मिश्रण करा. पामोलीनमध्ये (पाम तेलाच्या द्रव भागात) लिनोलेनिक नगण्य असतं; निम्मं-निम्मं घेतलं की ते 3-4 टक्क्यांवर येतं. संपृक्त मेद वाढतो, हे ग्राहकापासून लपवू नका, आणि लेबलवर मिश्र तेल असं लिहा. जोडीला साठवणुकीत नायट्रोजन आणि मर्यादेत टीबीएचक्यू (तेल खवट होणं लांबवणारं रसायन) वापरा.

बेकरीसाठी घट्ट मेद हवा असेल, तर मात्र निकेलच घ्या आणि पूर्ण हायड्रोजनीकरण करून तो मेद द्रव तेलाबरोबर इंटरएस्टरिफाय करा, म्हणजे दोन्हींतल्या मेदाम्लांची अदलाबदल घडवा. आयोडीन मूल्य 4 च्या खाली जाईपर्यंत हायड्रोजन देणं थांबवू नका. आधी थांबलात तर ट्रान्स फॅट तेलात राहिलीच.