दोन क्लिप-माइकचा वायरलेस संच: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि 1974चा एक साखरपुडा

हा संच घेणार असाल तर एक गोष्ट आधी सांगते. नवा डबा उघडला की रिसीव्हर (माइकचा आवाज पकडणारा भाग) ‘मोनो’वर असतो, तो लगेच ‘स्टिरिओ’वर टाका. मोनोत दोन्ही माइकचे आवाज एकत्र कालवले जातात, नंतर कितीही डोकं आपटलं तरी वेगळे होत नाहीत. स्टिरिओत एक माणूस डाव्या कानात, दुसरा उजव्या. रील बनवणाऱ्यांना याचं फारसं काही वाटणार नाही. पण पन्नास वर्षं संसार केलेली दोन माणसं एकमेकांचं वाक्य तोडत बोलायला लागली की खरी गंमत या दोन कानांतच असते.

दिवाळीच्या सेलमध्ये सात हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचे चार-पाच संच बाजारात आहेत आणि आतला माल उन्नीस-बीस. मला तो एकाच कामासाठी हवा होता: भुसावळला राहणाऱ्या माझ्या सासू-सासऱ्यांचं लग्न कसं जमलं ते त्यांच्या तोंडून नोंदवून ठेवायचं. घरात ती गोष्ट सगळ्यांना दोन वाक्यांत पाठ होती. बाबा रेल्वेच्या संपात होते, गाड्या बंद होत्या, म्हणून साखरपुडा नवरदेवाशिवायच झाला. झालं. यापुढे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आधी मी फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड करून पाहिलं होतं. त्यात बाबा ऐकू येतात, कारण लोको शेडमध्ये फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. आई ऐकूच येत नाही. ती बोलते कमी, आणि बोलते तेही पुटपुटत. क्लिप-माइक घ्यायचं कारण ती.

माइक लावायचा कुठे, यावर पहिली दोन रेकॉर्डिंगं वाया गेली. सगळे व्हिडिओ सांगतात की छातीच्या मध्यभागी लावा. हे सांगणाऱ्या कुणाच्याही गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. मान हलली की वाट्या माइकवर टकटक, त्यात काचेच्या बांगड्या, आणि पदर सारखा केला की खरखर. शेवटी डाव्या खांद्यावर, जिथे साडीला पिन लावतो तिथेच क्लिप अडकवली आणि माइकचं तोंड हनुवटीकडे वळवलं. आवाज थोडा कमी येतो, पण स्वच्छ. सुती साडी असेल तर उत्तम. बाबांच्या खिशातून चष्म्याचं घर बाजूला काढलं की त्यांचा प्रश्न मिटला.

आता नॉइज कमी करायच्या बटणाबद्दल. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, पण हळू बोलणाऱ्या माणसासाठी ते चालू करू नका. पंख्याची घरघर जाते हे खरं, पण तिच्याबरोबर वाक्याची शेपटीही जाते, आणि मराठीत ‘होतं’ की ‘नव्हतं’ हे शेपटीतच असतं. भुसावळच्या उन्हाळ्यात कूलर चालू असताना तर काहीच उपयोग नाही. आम्ही पहाटे कूलर बंद करून, चहाच्या आधी बसायचो. एक तारा मी या बटणासाठी कापलाय.

हे सगळं जमल्यावर जे मिळालं ते सांगते.

एप्रिल 1974मध्ये अकोल्याला बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे कुणी केले होते यावर दोघांचं आजही एकमत नाही. पसंती कळवली पोस्टकार्डावर, आणि साखरपुडा ठरला 12 मेच्या रविवारी. 2 मेला रेल्वे कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली आणि 8 मेपासून देशभरचा रेल्वे संप सुरू झाला. बोनस पाहिजे, लोको रनिंगवाल्यांना, म्हणजे इंजिन चालवणाऱ्यांना, आठ तासांची ड्युटी पाहिजे, अशा मागण्या होत्या. सरकारने तो निष्ठुरपणे मोडायला घेतला. धरपकड, बडतर्फीच्या नोटिसा, क्वार्टरमधून कुटुंबं बाहेर. बाबा धरपकडीतून निसटून रावेरकडे एका नातेवाइकाच्या केळीच्या बागेत जाऊन राहिले. या भागात बाबांचा आवाज इतका चढतो की लाल दिवा पेटतो. इथे संचाची एक सोय कामाला आली. तो प्रत्येक आवाजाची सहा डेसिबल कमी पातळीवरची दुसरी प्रतही साठवतो. मूळ आवाज फाटला तरी ती वाचते. ही सोय चालू ठेवाच.

12 तारीख अर्थातच हुकली. अकोल्यात आईच्या वडिलांच्या पोटात गोळा. सरकारी नोकरीचा मुलगा म्हणून स्थळ पसंत केलं, आणि नोकरीच जाणार असेल तर? घरात कुजबुज सुरू झाली की अजून सुपारी फुटलेली नाही, थांबायला काय हरकत आहे. बाबांच्या मते इथे त्यांच्या काकांनी बाजी मारली. रेशनची साखर जमवून, साडी-नारळ घेऊन काका आणि आत्या एसटीने अकोल्याला निघाले आणि 19 मेच्या रविवारी पोचून थेट ओटीच भरली. आदल्याच दिवशी पोखरणची अणुचाचणी झाली होती. त्यामुळे पाहुणे आले तरी बैठकीत बॉम्बचीच चर्चा चालली होती. कुणीतरी कुरकुरलं की कृष्णपक्ष आहे, अमावास्या दोन दिवसांवर आली. आत्या म्हणाली, बॉम्ब फुटला तेव्हा कुणी पंचांग बघितलं होतं का? आईला कुंकू लावलं, साखरेचा पुडा हातात दिला, पेढे वाटले. अंगठी-बिंगठी काही नाही. नवरदेव केळीच्या बागेत.

डाव्या कानातली हकिकत इथे संपते. काकांचा पराक्रम म्हणून बाबा ती वर्षानुवर्षं सांगत आलेत.

मग बाबा एक गोष्ट बोलले, जी माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हती. बागेतून त्यांनी आईच्या वडिलांना आंतरदेशीय पत्र टाकलं होतं. माझ्या नोकरीचा भरवसा नाही, तुमच्या मुलीला अडकवून ठेवू नका, दुसरं स्थळ बघितलंत तरी माझा राग नाही. “पण गाड्या बंद, टपाल रखडलेली. ते पत्र काही पोचलंच नाही,” असं म्हणून ते हसले आणि पुढे सरकले.

त्या वेळी समोर बसून मला एवढंच ऐकू आलं. रात्री हेडफोन लावला तेव्हा बाबांच्या हसण्याखाली उजव्या कानात आईचं पुटपुटणं सापडलं: “पोचलं की. मीच घेतलं पोस्टमनच्या हातून.”

फोनवरच्या रेकॉर्डिंगात हे कधीच आलं नसतं. मोनोत आलं असतं तर बाबांच्या हसण्याखाली दडपलं असतं.

हे ऐकून लगेच सगळ्यांसमोर वाजवावं असं मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आईंना एकटं गाठून विचारलं. माझ्या मते असं काही सापडलं की आधी त्या माणसाला विचारणं बरं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “सांग ना त्यांना. आता काय घाबरायचं मले!” मग दुपारी दोघांना पुन्हा माइक लावले. संप 27 मेला मागे घेतला गेला, त्यानंतर आठवड्याभराने ते पत्र अकोल्याला आलं. साखरपुडा होऊन गेलेला. आईंचे वडील कचेरीत, त्यांची आई विहिरीवर, पोस्टमन दारात.

“मग ठेवलं कुठे?” बाबा.

“बंबात घातलं. पाणी तापायचंच होतं.”

“न वाचता?”

“वाचूनच घातलं. तुम्हाला मोठा त्याग करायचा होता, तं मले विचारून करायचा होता.”

यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ कुणीच बोलत नाही. बाबा उठून पाणी प्यायला गेले, क्लिप लावूनच. रेंज किती आहे तेही त्या निमित्ताने कळलं: मधे दोन भिंती आल्या की रिसीव्हरवरचा आवाज तुटतो, कारण हा संच 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो आणि घरातलं वायफायही तिथेच. पण माइकच्या स्वतःच्या आठ जीबी मेमरीत सगळं अखंड आलंय, फ्रीजचं दार उघडल्यापासून ते स्वतःशीच “बंबात घातलं म्हणे” असं म्हणण्यापर्यंत. आतली मेमरी नसलेला स्वस्तातला संच घेऊ नका.

बाबांना काही महिन्यांनी कामावर परत घेतलं. त्यांच्या शेडमधल्या काहींना मात्र 1977मध्ये जनता सरकार येऊन मधु दंडवते रेल्वेमंत्री होईपर्यंत वाट बघावी लागली. त्यातल्या एकाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याच्याबद्दल बाबा रेकॉर्डिंग चालू असताना बोलत नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही.

काही कोरड्या गोष्टी राहिल्या. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला एका माइकची तासाभराची फाइल साधारण 500 एमबी होते, म्हणजे दोघांचा तास एक जीबीच्या आसपास. फाइल काढायला केबल लावावीच लागते. मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फक्त एमपी3 पाठवा. फाइलला लगेच नाव द्या, नाहीतर आकड्यांच्या जंगलात साखरपुडा कुठला आणि कुकरच्या शिट्या कुठल्या ते सापडत नाही. फोनमधल्या आपोआप टंकणाऱ्या सोयीवर विसंबू नका. आईंची वऱ्हाडी तिला कळत नाही, आणि रावेरचा तिने प्रत्येक वेळी रविवार केला.

बॅटरी सुरुवातीला पाच तास चालायची, आता चाराच्या आसपास. चार्जिंगच्या डब्यात महिनोन्महिने पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा अर्धी भरलेली ठेवणं चांगलं. एका माइकची क्लिप सैल झालीय, सुट्टी क्लिप वेगळी मिळत नाही. तूर्तास साडीची पिनच लावतेय. पुढच्या महिन्यात आईंच्या धाकट्या बहिणीकडे अकोल्याला जायचंय. पोहे आपण केले होते असं तिचं म्हणणं आहे, त्यामुळे तिसरा माइक जोडता येणारा संच कुणी वापरला असेल तर कळवा.