हेवीचा कोर्स: फी 16 हजार, पण खरा खर्च लायसन्स हातात आल्यावर

चाकण एमआयडीसीत पिकअप, छोटा हत्ती चालवणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. आमच्या भागातल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी हेवीचा, म्हणजे अवजड गाड्यांच्या लायसन्सचा कोर्स केला आणि आता चौदा टायरच्या ट्रकवर आहे. कोर्स करावा का, तर करावा. पण कर्ज काढून करणार असाल तर हिशेब नीट मांडून घ्या, कारण काउंटरवर तुम्हाला फक्त फी सांगतात.

आधी कोणाला गरज नाही ते सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिलाय की मालासकट एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालवता येते, ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे आयुष्यभर पिकअपच चालवायचं असेल तर या कोर्ससाठी एक रुपयाही घालवू नका. माझ्यासोबतच्या बॅचमधल्या दोन पोरांना कोणी हे सांगितलंच नव्हतं. दोघांनी पिकअपसाठी म्हणून फी भरली होती. स्कूलने सांगायला हवं होतं.

हेवीला मात्र सुटका नाही. वय 20 पूर्ण, एलएमव्ही काढून किमान एक वर्ष झालेलं आणि मान्यताप्राप्त स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला फॉर्म पाच म्हणतो तो. आठवी पासची अट 2019 मध्ये रद्द झाली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनी घाबरायचं कारण नाही.

शिकवण्याबद्दल. आमचे उस्ताद फार चांगले. वर्षानुवर्षं लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांवर काढलेला माणूस. ब्रेकच्या हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवू द्यायचे नाहीत. उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की लायनर तापतात, हवा खाली येते आणि मग पायाखाली ब्रेक उरत नाही, हे त्यांनी प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घेतलं. ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’ हे त्यांचं वाक्य बोरघाट उतरताना मला आजही आठवतं. या एका माणसासाठी पाचपैकी पाच.

स्कूलला मी तीनच देईन. गाडी जुनी सहा टायर आणि कायम रिकामी. एका फेरीत पाच पोरं, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात स्टिअरिंग येतं जेमतेम थोडा वेळ, बाकीचा वेळ मागे बसून बघायचं. रात्रीची गाडी एकदाही दिली नाही. भरलेली गाडी थांबायला किती जागा घेते, वळणावर कशी ओढते, हे रिकाम्या गाडीवर कसं कळणार? ज्या पोराच्या मागे उद्या वीस-पंचवीस टन माल असणार आहे, त्याला माल भरलेली गाडी न दाखवता प्रमाणपत्र देणं मला पटत नाही. 2021 पासून सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम आहेत. तिथे हेवीसाठी सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर (खऱ्या गाडीसारखा सराव देणारं मशीन), स्वतःचा ट्रॅक आणि निदान दोन एकर जागा लागते. तिथून पास झालं की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्टही माफ. असं केंद्र जवळ असेल तर चार पैसे जास्त देऊन तिथेच जा.

आता पैसे. फी 16 हजार. मेडिकल, आरटीओचं शुल्क, टेस्टच्या दिवशीचं गाडीभाडं मिळून आणखी 3 हजार. कोर्सच्या महिन्यात मी पिकअपवर अर्धा दिवसच जात होतो, 15 हजारांच्या पगारातले साडेसात गेले. आणि लायसन्स आल्यावर पुढचे चार महिने. मालक नवं लायसन्स बघतो आणि विचारतो, आधी कोणाच्या गाडीवर होतास? तीस-चाळीस लाखांची गाडी तो नव्या पोराच्या हातात देत नाही, आणि त्याचंही चूक नाही. त्या चार महिन्यांत मी सेकंड ड्रायव्हर, म्हणजे मुख्य ड्रायव्हरच्या हाताखालचा दुसरा ड्रायव्हर होतो, 12 हजारांवर. पिकअपच्या मानाने महिन्याला 3 हजार कमी, म्हणजे आणखी 12 हजार. बेरीज करा: साडेअडतीस हजार. फीच्या दुपटीहून जास्त.

यातले 20 हजार बायकोच्या बचत गटातून घेतले, महिना दोन टक्क्याने. सुरुवातीला व्याजच 400 रुपये जायचं. कमाई कमी झालेल्या महिन्यांतच हप्ता भरायचा असतो, खरी ओढाताण तिथे होते. तिने हातखर्चातून दोन हप्ते भरले म्हणून निभावलं. खासगी सावकाराचं पाच टक्क्याचं कर्ज असतं तर या कोर्सला मी सरळ नको म्हटलं असतं.

आज पगार 23 हजार आणि वर भत्ता. कागदावर 8 हजारांची वाढ दिसते. पण न्हावाशेवाला कंटेनर घेऊन गेलं की रांगेत कधी रात्र जाते, दोन वेळचं जेवण ढाब्यावर, भत्ता त्यातच संपतो आणि पगारातूनही जातात. घरी जास्तीचे पोचतात 5 हजार. त्या हिशेबाने सगळा खर्च वसूल व्हायला आठ महिने लागतात, तेही सेकंड ड्रायव्हरची पायरी ओलांडल्यानंतर. मला तो सौदा मान्य आहे. पिकअपवर पाच वर्षांत पगार दोन हजारांनी वाढला होता.

फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: एका फेरीत किती पोरं, भरलेली गाडी देणार का, रात्रीची फेरी आहे का. आणि ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याशी सेकंड ड्रायव्हरचं आधी बोलून ठेवा, मगच लर्निंगचा अर्ज करा. मी तसं बोलून ठेवलं होतं म्हणून चार महिन्यांवर भागलं. बॅचमधले काही जण प्रमाणपत्र घेऊन अजून पिकअपवरच आहेत आणि हप्ते चालू आहेत.

माझं पुढचं ठरलंय: कुरकुंभकडच्या केमिकल टँकरसाठी लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद. त्याला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं. बचत गटाचा शेवटचा हप्ता दिला की त्याची फी बाजूला टाकायला लागतोय, यावेळी रोखीने.