सात मात्रांतले रॉक: ‘द डार्क साइड ऑफ द मून’

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ सालचा हा अल्बम मी प्रथम ऐकला तो लातूरच्या एका दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर. फीत संपल्याने त्यातले शेवटचे गाणे मध्येच तुटले होते, हे कित्येक वर्षांनी सीडी हाती आल्यावर कळले. ‘मनी’ या गाण्याच्या आरंभीचा नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याचा आवाज सात मात्रांच्या आवर्तनात बसवला आहे. गावच्या भजनात तबला वाजवणाऱ्या माझ्या मामांनी मांडीवर बोटे आपटत “हा तर रूपकच”, म्हणजे सात मात्रांचा ताल, असे तत्काळ सांगितले, मात्र गिटारवादनापाशी गाणे चार मात्रांवर गेले, तेव्हा “अरे, हा घसरला की!” म्हणून तेवढा भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. बँडमधल्या रॉजर वॉटर्स यांच्या शब्दांपेक्षा त्यांचे साथीदार डेव्हिड गिल्मर यांची गिटारच मला अधिक बोलकी वाटते. गायिका क्लेअर टोरी यांनी एकही शब्द न उच्चारता केलेली आलापी हा अल्बमचा कळस आहे. त्या तुलनेत ‘ऑन द रन’ ही रचना आज निव्वळ यंत्रांची घरघर वाटते. ‘टाइम’च्या सुरुवातीला असंख्य घड्याळे एकदम ठणाणतात, त्यामुळे हेडफोन लावणाऱ्यांनी आवाज आधीच कमी करून ठेवावा.