बदली पुण्याला, एजंट फोन उचलेना: भाड्याचं घर शोधायच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून

एप्रिल-मे हा आपल्याकडे घरं बदलायचा हंगाम. सरकारी नोकरांच्या बदल्या २००५ च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे याच दोन महिन्यांत होतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे शाळकरी मुलं असलेल्या प्रत्येकाला मेअखेर नव्या गावात चूल मांडायची असते. नागपूर, सोलापूर, संभाजीनगरहून पुण्याला यायचं ठरलं की पहिली धावपळ भाड्याच्या घराची आणि पहिला मनस्ताप एजंटचा. नंबर मिळतो, एकदा नीट बोलणं होतं, "सर, व्हॉट्सॲपला फोटो टाकतो" असा शब्दही मिळतो. नंतर आपल्या मेसेजवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांसाठी पुण्यात घरं शोधायला मी फिरलो आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: परगावाहून फोनवर एजंटच्या मागे लागणं ही सगळ्यांत दमवणारी आणि सगळ्यांत कमी फळणारी वाट आहे. तरी कुणाकुणाला ती घ्यावीच लागते. म्हणून सगळ्या वाटा मांडतो.

एजंट गप्प का बसतो

हे आधी कळायला हवं, कारण पुढची निवड त्यावरच ठरते. भाड्याच्या फ्लॅटचं काम सहसा एकाच एजंटकडे नसतं. मालक तोच फ्लॅट पाच-सात जणांना सांगून ठेवतो आणि जो आधी भाडेकरू आणेल त्याला दलाली मिळते. तीही व्यवहार झाला तरच. फोटो पाठवले, एरिया समजावून सांगितला, चावीसाठी हेलपाटे घातले, याचा एक रुपया मिळत नाही. त्यामुळे एजंटच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: आज संध्याकाळी फ्लॅट बघून टोकन (घर पक्कं करण्यासाठीची आगाऊ रक्कम) देणारी, आणि बाकीची. तो फोनवर तीन गोष्टी विचारतो. बजेट किती, फॅमिली की बॅचलर, शिफ्ट कधी होणार? तिसऱ्याचं उत्तर "पुढच्या महिन्यात" असं आलं की तुम्ही बाकीच्यांत गेलात.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते कुणी उघड सांगत नाही. मालकाला मांसाहारी नको असतात, एकटी राहणारी मुलगी नको असते, कधी आडनाव ऐकूनच नको असतं. हे तोंडावर सांगण्यापेक्षा फोन न उचलणं एजंटला सोपं जातं. मला याचा राग येतो. जुन्या घरमालकाला नोटीस दिलेली आहे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढलेले आहेत, टेम्पोवाला तारीख मागतोय, अशा कुटुंबाला आठ दिवस ताटकळत ठेवणं क्रूरपणाचं आहे. "फ्लॅट गेला" किंवा "मालक नाही म्हणाले" एवढं कळवलं तरी माणूस पुढच्या दाराला लागतो.

याची तक्रार करायची तर रेरा, म्हणजे घरबांधणी-विक्रीच्या धंद्यावर देखरेख ठेवणारा कायदा, आठवतो. पण २०१६ च्या त्या कायद्यात एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी. २०२३ पासून महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. भाड्याचे व्यवहार मात्र त्या चौकटीबाहेर आहेत. कार्डावर महारेरा क्रमांक असला तर माणूस हा धंदा गांभीर्याने करतो एवढाच अर्थ घ्यावा. त्याने फोन उचलला नाही म्हणून महारेरा तुमच्यासाठी काही करणार नाही.

वाट पहिली: गावाहूनच एजंट गाठणं

पुण्यात भाडेकरूकडून साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतात, कुठे पंधरा दिवसांवरही भागतं. बहुतेक वेळा मालकाकडूनही घेतात. मुंबईत अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचं भाडं ही रूढ रीत आहे. या पैशांत चावी, मालकाशी बोलणी, करार आणि पोलीस व्हेरिफिकेशन एवढं एका हाताने व्हावं अशी अपेक्षा असते. चांगला एजंट हे खरोखर करतो. मालक अमेरिकेत असेल आणि फ्लॅट त्याच्या मेहुण्याच्या ताब्यात असेल, तर एजंटशिवाय त्या घरापर्यंत पोचताच येत नाही.

ही वाट घ्यायचीच असेल तर आधी मेसेज बदला. "वाकडला टू बीएचके आहे का?" याला उत्तर येत नाही. असा मेसेज लिहा: "नमस्कार. कुटुंब चार जणांचं, मुलं शाळकरी. वाकड किंवा पिंपळे निलख, टू बीएचके, भाडं २८,००० पर्यंत, डिपॉझिट तीन महिने. येत्या शनिवार-रविवारी पुण्यात आहे, पसंत पडलं तर त्याच दिवशी टोकन. १ जूनला राहायला येणार." यात त्याच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत आणि भेटीची तारीख आहे. जेवणाखाण्याची, धर्माची किंवा एकटं राहण्याची अडचण येईल अशी शंका असेल तर तेही पहिल्याच फोनवर विचारून टाका. कटू वाटतं, पण वेळ वाचतो.

एजंट शहरभराचा नको, त्या-त्या भागातला हवा. खराडीचा माणूस बावधनची घरं दाखवतो म्हणाला, तर तो दुसऱ्या एजंटकडून घर आणणार आणि साखळीत एक दुवा वाढणार. एका भागात दोन एजंट पुरे. दहा जणांना सांगितलं तर तेच चार फ्लॅट दहा वेळा येतात, वर तुम्ही सगळीकडे फिरताय हे त्यांना कळतं आणि कुणीच मनावर घेत नाही.

आणि न बघता टोकन द्यायचं नाही. फार तर व्हिडिओ कॉल करायला लावा, पण एजंटच्या चालीने नाही, तुमच्या: आधी गॅलरी, मग स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवा, मग संडास-बाथरूमच्या भिंतींची ओल, मग विजेच्या मीटरचा नंबर. जो हे करायला तयार होतो तो एजंट कामाचा.

वाट दुसरी: पोर्टलवरून थेट मालक

दलाली वाचवण्यासाठी लोक इथे, म्हणजे घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांकडे, वळतात. भाड्याचा अंदाज घ्यायला पोर्टल उत्तम. बाणेरला काय दर चालू आहे, पुनावळ्यात तोच फ्लॅट कितीला, हे घरबसल्या कळतं. पण घर मिळण्याच्या बाबतीत वाट बघून तुमची निराशा होण्याची शक्यता इथेही तेवढीच. गेलेल्या फ्लॅटच्या जाहिराती तशाच पडून असतात, "मालक" म्हणून फोनवर बोलणारा माणूस बऱ्याचदा एजंटच निघतो, आणि ठरावीक नंबर बघून झाले की पुढच्या नंबरांसाठी पैसे मागितले जातात. तुम्ही स्वतःचा नंबर टाकला की इतके फोन येतात की खरा मालक त्यात हरवतो.

परगावच्या माणसासाठी सगळ्यांत मोठा धोकाही इथेच आहे. सुंदर फ्लॅट, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि मालक सांगतो की मी सैन्यात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली आहे, भेटता येणार नाही. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग सोसायटीच्या गेटपासचे पैसे आधी भरा, परत मिळतील, असं म्हणतो. किंवा डिपॉझिटची खात्री म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. पैसे घेण्यासाठी कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. फसवणूक झाली तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

मालक खरा आहे का हे तपासायला इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा, मागावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधताही येतो. जोडीला महावितरणचं बिल आणि घरपट्टीची पावती. तिन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे. नसेल जुळत तर मुखत्यारपत्र कुठे आहे ते विचारा. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाड्यातून टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. हे बहुतेक मालक सांगत नाहीत आणि एजंट तर नाहीच नाही.

वाट तिसरी: ओळखी, सोसायटीचे ग्रुप आणि वॉचमन

ऑफिसातल्या सहकाऱ्यांना विचारा, गावाकडच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाका. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांचे स्वतःचे ग्रुप असतात आणि रिकामा होणारा फ्लॅट तिथे पोर्टलच्या आधी येतो. एखादा ओळखीचा त्यात असला तर काम होतं, नसला तर ही वाट बंद.

वॉचमनचं मात्र वेगळं. कुठल्या विंगमध्ये कोण महिनाअखेर सोडतंय, त्या मालकाचा नंबर काय, मे महिन्यात सोसायटीत पाण्याचे टँकर किती येतात, लिफ्ट किती दिवस बंद असते, हे सगळं वॉचमनकाकांना माहीत असतं आणि सरळ विचारलं तर ते सांगतात. बाणेर, वाघोली, उंड्री अशा भागांत टँकरचा प्रश्न एजंटला विचारून उपयोग नाही. तो "कॉर्पोरेशनचं पाणी आहे, सर" म्हणेल. गेटवर टँकर उभा आहे का, ते बघणारा माणूस वॉचमन. घर मिळालं तर त्यांना काही बक्षिसी द्यावी लागते, ती दलालीच्या मानाने काहीच नाही. अडचण एवढीच की वॉचमन फोनवर भेटत नाही, गेटवर भेटतो. म्हणजे तुम्ही पुण्यात असायला हवं.

वाट चौथी: आधी एकट्याने या, तात्पुरतं राहा, मग शोधा

मी ज्यांना सल्ला देतो त्यांना बहुतेक वेळा हाच देतो. घरातल्या एकाने आधी यायचं. नातेवाइकांकडे, कंपनीच्या गेस्ट हाउसवर किंवा शेअरिंगच्या पीजीत दोन-तीन आठवडे काढायचे. पीजीचं एका महिन्याचं भाडं एका दलालीपेक्षा बहुधा कमीच पडतं. सर्व्हिस अपार्टमेंट महाग, ते कंपनी पैसे देणार असेल तरच.

फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. जो एजंट नागपूरच्या फोनला उत्तर देत नव्हता, तोच "मी आत्ता भूमकर चौकात आहे" म्हटल्यावर वीस मिनिटांत स्कूटरवर येतो. तुम्ही आता पहिल्या प्रकारात आलात. शिवाय नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. हिंजवडीत ऑफिस असेल तर संध्याकाळी सहाला परत येताना वाकडचा रस्ता कसा तुंबतो, ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. ऑफिस खराडीला असेल तर कोथरूडला घर घ्यायचं का, की वनाझ-रामवाडी मेट्रो आणि पुढे रिक्षा जमेल, हेही दोन दिवस करून बघता येतं. नात्यातल्या एका मुलाने वाकडचा फ्लॅट फोटोंवरून जवळजवळ पक्का केला होता. पीजीत राहून चार दिवस ये-जा केल्यावर त्याने ताथवड्यात घर घेतलं, आणि ते वॉचमनकडून मिळालं.

या वाटेची किंमत पैशांत कमी, माणसांत जास्त. महिनाभर दोन संसार चालतात. मागे राहिलेल्या बाईमाणसावर मुलं, सासू-सासरे, सामानाची बांधाबांध असं सगळं एकटीवर पडतं. बाळ तान्हं असेल किंवा घरात आजारी माणूस असेल तर हा सल्ला मी देत नाही.

मग कुणी काय करावं

एकटा किंवा एकटी असाल तर चौथी वाट, प्रश्नच नाही. पीजीत उतरा, मग तिसरीने शोधा. बॅचलरना फ्लॅट द्यायला मालक कचरतात. तिथे सहकाऱ्याची ओळख एजंटपेक्षा जास्त उपयोगी पडते.

शाळकरी मुलं असतील तर आधी शाळा ठरवा, मग शाळेभोवती दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात घर. एवढा छोटा पट्टा असला की त्या भागातला एजंट परवडतो. एक शनिवार-रविवार जोडून या, आधीच्या दिवशी वरचा मेसेज पाठवा, दोन दिवसांत सात-आठ घरं बघा आणि वेळ उरला की त्याच सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनशी बोला.

अजिबात येणं शक्य नसेल, परदेशातून थेट उतरणार असाल, तर पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा बुक करा आणि अकरा महिन्यांचा करार परदेशातून करू नका. कंपनीने नेमलेला एजंट असेल तर त्याच्याशी बोलणं ईमेलवर आणि एचआरला प्रत ठेवून करा. तिथे उत्तरं वेळेवर येतात, कारण त्याला पुढची कामंही त्याच कंपनीकडून हवी असतात.

वाट कुठलीही घ्या, करार लेखी आणि नोंदणीकृतच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने तो सक्तीचा केला आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. "करार मीच करून देतो, म्हणून दलाली पूर्ण" असं एजंट म्हणतो तेव्हा हिशोब माहीत असू द्या. भाडं २५,०००, डिपॉझिट ७५,०००, मुदत अकरा महिने असेल तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण हद्दीत ५००. ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक अंगठ्याचा ठसा घ्यायचं थम्ब मशीन घेऊन घरी येतात, त्यांचे पैसे वेगळे. हे काम एजंटशिवायही होतं.

टोकन देताना व्हॉट्सॲपवर मालकाकडून तीन ओळी लिहून घ्या: किती रक्कम मिळाली, कुठल्या फ्लॅटसाठी, आणि मालकाने माघार घेतली तर ती किती दिवसांत परत. पैसे मालकाच्याच खात्यात टाका, एजंटच्या नाही. एजंटला दलाली करार नोंदवून झाल्यावर आणि चावी हातात आल्यावर द्यायची, हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवा. पैसे बाकी असेपर्यंत तो फोन उचलतो. गीझर चालत नाही, मागच्या भाडेकरूचं वीजबिल थकलंय, असली कामं त्याच मुदतीत करून घ्या.