‘औषधाशिवाय, ९० दिवसांत डिस्लेक्सिया बरा’ : पैसे भरण्याआधी हे वाचा

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला अडचण येणं. तो ९० दिवसांत बरा करतो म्हणणाऱ्या एका केंद्रात, मुलगा चौथीत असताना, आम्ही २८ हजार रुपये भरले. केंद्राचं नाव इथे देत नाही. दिलं तरी फारसा उपयोग नाही, कारण त्यांची पाटी बदलत राहते. पद्धत मात्र ठरलेली असते, म्हणून तीच नीट सांगते.

मुलाला तोंडी विचारलं तर सगळं यायचं. परिसर अभ्यासाची उत्तरं फाडफाड सांगायचा. वाचायला बसवलं की ‘पतंग’चा ‘तपंग’ व्हायचा, आणि जोडाक्षरात ‘र’ आला की गाडी अडायची. प्र, र्प आणि ट्र या तिन्हींत एकच ‘र’ आहे हे त्याला काही केल्या पटत नसे. ‘शर्ट’ तो कायम ‘शट्र’ लिहायचा. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, “एकदा तपासणी करून घ्या.” आणि त्याच सुमाराला शाळेच्या फाटकाबाहेर कुणीतरी माहितीपत्रकं वाटत होतं. योगायोग असेलही. मला आता तसं वाटत नाही.

केंद्रातले सर अतिशय गोड बोलायचे. पहिल्याच भेटीत म्हणाले, “ताई, हॉस्पिटलच्या नादी लागू नका. एकदा सर्टिफिकेट हातात आलं की पोराच्या कपाळावर जन्मभराचा शिक्का. आपलं सगळं नैसर्गिक आहे.” हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत तर तिथून उठा. त्यांचा सगळा धंदा याच वाक्यावर उभा आहे. बाहेर खरी तपासणी झाली, तर मूल आधी कुठे होतं आणि नंतर कुठे आहे हे ताडून बघता येतं. तेच त्यांना नको असतं.

पॅकेजमध्ये ब्राह्मीचे थेंब होते, रंगीत काचांचा चष्मा होता, उजवा-डावा मेंदू ‘जोडणारे’ व्यायाम होते आणि सगळ्यात महाग भाग म्हणजे मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन. डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची आणि मुलाने कार्डाचा रंग ओळखायचा. पालकांना समोर बसवून हे दाखवतात, टाळ्या पडतात. मुलं हनुवटी वर का करतात आणि कार्ड नाकाखालीच का धरतात, एवढं फक्त बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते. ती पट्टी घरी सरावाला दिली होती. माझ्या मोठ्या मुलीने ती बांधली आणि कोणतंही अ‍ॅक्टिव्हेशन न करता दुधाचं बिल आकड्यांसकट वाचून दाखवलं. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. डोळ्यांच्या हालचाली, ऐकू येणं, जागं राहणं यांत त्याचा वाटा असतो आणि तो जन्मापासून चालूच असतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी ही पोल कधीच उघडी केली आहे, तरी दर सुट्टीत नव्या शिबिराची जाहिरात येतेच.

‘प्रगती’ दाखवायची युक्ती त्याहून हुशार. पहिल्या दिवशी मुलाला सिंह आणि उंदराच्या गोष्टीचा उतारा वाचायला लावला आणि व्हिडिओ काढला. तो अडखळला, रडकुंडीला आला. दोन महिन्यांनी पुन्हा व्हिडिओ काढला, या वेळी घडाघड वाचलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. मुलाच्या बाबांनी घरी आल्यावर त्याच उताऱ्यातले शब्द उलटसुलट क्रमाने कागदावर लिहून दिले. ‘जाळं’ वाचता येईना, ‘उंदीर’ही नाही. उतारा दोन्ही वेळा तोच होता आणि मधल्या काळात सरावालाही तोच होता. वाचन जमत नसलेली मुलं कानाने पाठ करून वेळ मारून नेतात. केंद्राने त्याच गोष्टीचं प्रमाणपत्र दिलं.

पैसे परत मागितले तेव्हा सरांनी आमचीच डायरी काढली. रोज किती वेळ व्यायाम केला, काय खाल्लं, हे सगळं आईने त्यात भरायचं असतं. एका रकान्यात बिस्किटं होती, एका रविवारी व्यायामाचा रकाना रिकामा होता. “बघा ताई, तुमच्याकडूनच खंड पडला.” ती डायरी मुलासाठी नसतेच, या दिवसासाठी असते. पावतीवर ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ लिहिलेलं, आणि फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात ‘हा वैद्यकीय उपचार नाही’.

पुढे सरकारी रुग्णालयात रीतसर तपासणी झाली. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, हे तेव्हाच कळलं. ज्या प्रमाणपत्राला ‘शिक्का’ म्हणून घाबरवलं होतं, त्यावरच बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. महाराष्ट्रात त्या १९९६ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो.

आता विशेष शिक्षिका शिकवतात. आवाज आणि अक्षर यांची जोडी पुन्हापुन्हा, ठरलेल्या क्रमाने. ताटात रवा पसरून तो बोटाने अक्षर काढतो आणि काढतानाच त्याचा उच्चार मोठ्याने करतो. सासूबाई म्हणाल्या, “ही तर आमची धुळपाटी!” याहून नैसर्गिक काय असणार, आणि खर्च वाटीभर रव्याचा. योगासनं, नीट झोप, रात्री मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं हे जरूर करा, आम्हीही करतो. त्याने मूल शांत होतं, पुस्तकाशी वैर धरत नाही. पण ‘प्र’ वाचायला शिकवावंच लागतं, तो प्राणायामाने येत नाही. ब्राह्मीने डिस्लेक्सिया जातो असं सिद्ध झालेलं नाही. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांना पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रितपणे सांगितलं आहे.

कुणी आधीच अडकलं असेल तर केंद्राशी फोनवर भांडत बसू नका, पैसे लेखी परत मागा. ‘९० दिवसांत बरा’ असं म्हणणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, कारण पावतीवर ते कधीच लिहीत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही लागतोच असं नाही. आमची तक्रार दाखल झाली आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.