मंडळांनी एकत्र यायचं ठरलंय, पण कसं? तोंडी, कागदावर की थेट महासंघ

इंदूरात मराठी मंडळं किती आहेत हे वेगळं सांगायला नको. एकाच कॉलनीत गणेश मंडळ वेगळं, महिला मंडळ वेगळं, ज्येष्ठांचा संघ वेगळा, रहवासी संघ वेगळा, आणि चारही ठिकाणी अर्धी माणसं तीच. मग कधीतरी कुणीतरी म्हणतंच, अरे आपण सगळं मिळून का नाही करत, एकच कोजागिरी, एकच पाडव्याची शोभायात्रा, मांडववाल्याला एकदाच पैसे. सगळे माना डोलावतात, पोह्यांवर जिरावण मसाला पडतो, मीटिंग संपते. आणि "मिळून" म्हणजे नेमकं काय हे कुणी ठरवतच नाही.

आमच्या पश्चिम भागात हे तिन्ही प्रकारांनी करून झालंय आणि हिशेबाची वही बहुतेक वेळा माझ्याकडे असते, म्हणून हल्ली सुदामानगर-लोकमान्यनगरकडचे ओळखीचे लोक विचारतात, की कसं करू. तर एकदाच सविस्तर लिहितो. मी वकीलही नाही, सीएही नाही, वही सांभाळणारा माणूस आहे, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

पहिला प्रकार तोंडी. याला नावं ठेवू नका. करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तोंडी ठरलेलंही चालतं, त्यामुळे "लिहून नव्हतं म्हणून काही ठरलंच नव्हतं" हे कुणी म्हणालं तर ते खरं नाही. शिवाय वेग. सकाळी फोन लावला, संध्याकाळी सतरंज्या आल्या. एकमेकांना तीस वर्षं ओळखणारी माणसं असतील आणि पैसा नावापुरता असेल, म्हणजे पुस्तकांची अदलाबदल, एखादं आरोग्य शिबिर, तलावाकाठची सफाई, तर याच्यापेक्षा बरं काही नाही. कागद काढलात तर उलट लोक म्हणतील, भिया आमच्यावर विश्वास नाही का.

अडचण कुठे येते, तर सही लागते तिथे. ठाण्यात परवानगीचा अर्ज एका माणसाच्या नावाने जातो, मांडववाल्याची ऑर्डर एका माणसाच्या नावाने, लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालू राहिला तर नोटीसही त्याच माणसाला. नोंदणी नसलेलं मंडळ कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती नसतं, त्यामुळे तुम्ही "मंडळातर्फे" म्हणून सही केली तरी जबाबदारी तुमच्या अंगावर येऊ शकते. चार मंडळांच्या कामात एकटा माणूस अडकतो आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात गरीब स्वभावाचा असतो.

दुसरं टोक म्हणजे महासंघ. म्हणजे चारही मंडळांची मिळून एक नवी संस्था, मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली नोंदलेली. दिसायला भारी. स्वतःचं पॅन, स्वतःचं खातं, लेटरहेड, पुढेमागे १२ए (संस्थेला आयकरातून माफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत). कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठी काढलेला पैसा हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरलेली संस्थाच लागते, तिथे तोंडी मैत्री कामाची नाही. आणि जागा घ्यायची असेल, हॉल बांधायचा असेल, तर मी म्हणेन डोळे मिटून महासंघ काढा, कारण प्लॉट मैत्रीच्या नावावर होत नाही.

पण वर्षाला एक कोजागिरी आणि एक शोभायात्रा एवढ्यासाठी? दर वर्षी धारा २७ ची कार्यकारिणीची यादी, धारा २८ चे ऑडिट केलेले हिशेब, सभेची नोटीस, कोरम, आणि हे सगळं आपापल्या मंडळाचं तेच काम करून झाल्यावर परत. काम करणारी माणसं तीच चार-पाच असतात, त्यांच्यावर पाचवी संस्था टाकायची. शिवाय अध्यक्ष कोण? मोठ्या मंडळाला वाटतं सभासदांच्या संख्येवर मतं असावीत, छोट्याला वाटतं मंडळामागे एक, आणि दोघांचंही चुकत नाही. महिला मंडळाच्या काकूंनी तेव्हा सरळ विचारलं होतं, "आम्ही चाळीस जणी पण मांडवात स्वयंपाक कोण करतं, त्याची मतं किती?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

पैशाची एक बारीक गोष्ट यात लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्यातली एखादी संस्था १२ए वाली असेल आणि तिने आपल्या देणग्यांतून महासंघाला देणगी दिली, तर २०२३ च्या बदलानंतर करमाफीच्या हिशेबात त्यातली ८५ टक्केच रक्कम तिच्या खर्चात धरली जाते. पूर्वी पूर्ण धरायचे. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकतानाही थोडं कटतं. रक्कम छोटी असेल तर काही बिघडत नाही, पण मग महासंघ कशाला हाही प्रश्न आहेच.

आता ज्या गोष्टीमुळे मी एका बाजूला झुकलो ती सांगतो. ती म्हणजे शिल्लक.

घाटा आला तर काय, याची चर्चा प्रत्येक मीटिंगमध्ये होते. कोण किती सोसेल, कोण उसने देईल, सगळं आधीच ठरतं. आणि घाटा फारसा येत नाही, आला तर कुणीतरी खिशात हात घालतं, उलट त्याचं कौतुक होतं. भांडण लागतं ते पैसे उरले की. तोंडी कारभाराच्या काळात आमची एक कोजागिरी फार छान झाली, पाऊस नाही, गर्दी भरपूर, एका दुकानदाराने आयत्या वेळी दूध प्रायोजित केलं, आणि बरे पैसे उरले. सगळे खूश. मग सुरू झालं. एक मंडळ म्हणे चार समान भाग करा. दुसरं म्हणे आम्ही वर्गणी जास्त जमवली, त्या प्रमाणात करा. तिसरं म्हणे आमची गच्ची फुकट दिली, बाहेर भाडं किती पडलं असतं ते लावा. महिला मंडळ म्हणे मसाल्याचं वाटण आमच्या घरांतून आलं, बदाम-पिस्ते पण, त्याचं कुणी बिल मागितलं का? आणि ज्याच्या खात्यात पैसे होते तो गृहस्थ म्हणे पुढच्या वर्षीसाठी राहू द्या, जे खरं तर सगळ्यात शहाणपणाचं होतं, पण पैसे त्याच्याकडे असल्यामुळे त्याचं म्हणणं कुणाला पटेना. शेवटी त्या पैशांतून दोन स्पीकर आणि एक माइक घेतला, म्हणजे वाद मिटला असं वाटलं. आता ते स्पीकर ज्याच्या जिन्याखाली आहेत त्याच्या मंडळाचे झाले. मागायला गेलं की "हो हो घेऊन जा ना" म्हणतात, पण किल्ली नेमकी सुनेकडे असते आणि सून नेमकी देवासला.

गंमत म्हणजे महासंघातही हे सुटत नाही, फक्त दुसऱ्या बाजूला जातं. सोसायटीत उरलेला पैसा सोसायटीचा, सभासदांना वाटता येत नाही, संस्था बंद झाली तरी नाही. म्हणजे उद्या एखादं मंडळ बाहेर पडलं तर त्याने इतकी वर्षं घातलेलं सगळं तिथेच. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण त्या भीतीने मंडळं हात आखडता घेतात. पहिल्या मीटिंगला मोठ्या गोष्टी आणि चेकची वेळ आली की "आमच्या कार्यकारिणीत विचारून सांगतो".

म्हणून मधला रस्ता. लेखी सामंजस्य पत्र, म्हणजे हल्ली सगळे एमओयू म्हणतात ते. नवी संस्था नाही, दोन पानं, एका वर्षापुरतं, चार अध्यक्ष आणि चार कोषाध्यक्षांच्या सह्या. एक मंडळ यजमान, शक्यतो नोंदणी असलेलं, कारण खातं आणि परवानग्या त्याच्या नावाने जातील आणि कुणा एकाच्या घरावर नोटीस येणार नाही. पुढच्या वर्षी यजमान दुसरं. नोंदणी असलेलं एकच मंडळ असेल तर यजमान तेच राहू द्या, पण बिलांवर दुसऱ्या मंडळाच्या कोषाध्यक्षाची सहीसुद्धा लागेल असं लिहा.

आमच्या पत्रात बाकी कलमं चार ओळींत आटोपली आहेत, शिल्लकवर मात्र अर्धं पान आहे. मंडळांनी भरलेला वाटा वेगळा लिहायचा आणि लोकांकडून आलेली देणगी वेगळी, वहीत दोन वेगळ्या पानांवर. उरलं तर आधी मंडळांचा वाटा परत, भरला असेल तेवढ्यापर्यंतच, महिन्याभरात. त्यानंतरही उरलं तर ती लोकांची देणगी, ती वाटायची नाही, पुढच्या वर्षी त्याच कामाला, आणि पुढचं वर्ष झालंच नाही तर कुठे द्यायची त्या ठिकाणाचं नाव आजच लिहायचं. हे दोन प्रकार वेगळे ठेवणं फक्त भांडणासाठी नाही बरं का. यजमान संस्था १२ए वाली असेल तर देणगी म्हणून आलेला पैसा इतर मंडळांना वाटणं तिला महागात पडू शकतं, तेव्हा सह्यांआधी एकदा तिच्या सीएला पान दाखवा.

गच्ची, स्वयंपाक, वाटण, हे पैशात धरायचं नाही असंही लिहिलंय, पण पत्रिकेत आणि स्टेजवर त्याचा उल्लेख नावानिशी व्हायलाच हवा हेही लिहिलंय. काकूंना हे पैशापेक्षा जास्त पटलं. आणि वस्तू घेतली तर ती कुणाकडे राहील, किती दिवसांच्या सूचनेवर द्यायची, आणि किल्ली दोन घरांत. (स्पीकर जुने आहेत, ते या पत्रात येत नाहीत. असो.)

बाहेर पडायचं असेल तर महिन्याभराची सूचना, पण कार्यक्रमाच्या आधीच्या महिन्यात नाही. एवढं पुरतं.

पावत्यांचं थोडं सांगतो कारण प्रश्न येतोच. ८०जी ची पावती ज्या संस्थेकडे ८०जी आहे तीच देऊ शकते, चार नावांची मिळून पावती असं काही नसतं, आणि रोख दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेक सांगा. परदेशातल्या मुलांचंही एक आहे. मुलगा तिकडे नोकरीला आहे पण पासपोर्ट भारताचा, आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतोय, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, मग तो रामबागेत वाढलेला असो, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी, नसलेल्या संस्थेने ते पैसे घ्यायचे नाहीत. एफसीआरए असलेली संस्था सोबत असेल तरी २०२० पासून तिला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आजोबा अभिमानाने सांगतात नातवाने डॉलर पाठवलेत, आणि वहीवाल्याने नाही म्हणायचं, तो वाईटपणा वेगळाच.

कुणी म्हणेल कागद आला की आपलेपणा गेला. असेलही, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पण आपल्याच शहरात बघा ना, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या मिलांचे भोंगेही गेले, तरी मिलांच्या गणेशोत्सव समित्या आपापली झांकी काढतात. प्रत्येकीची झांकी स्वतःची, मेहनत स्वतःची, एकत्र असतो तो मार्ग, क्रम आणि ती रात्र. एक व्हायला कुणी गेलं नाही. आम्ही पत्र लिहिताना हेच डोळ्यासमोर ठेवलं होतं, की मंडळं चारच राहू देत, एकत्र काय ते तेवढं नीट ठरवू.

तुमच्याकडे पैसा नसेलच तर तोंडी चालू द्या, उगाच कागद करू नका. जागा किंवा मोठा निधी डोक्यात असेल तर महासंघ, आणि त्यासाठी एक चिवट माणूस शोधा जो धारा २७-२८ च्या तारखा पाळेल. मधल्या सगळ्यांसाठी, म्हणजे जिथे पावती फाडली जाते पण इमारत उभी राहणार नाही, मला तरी दोन पानांचं पत्र बरं वाटतं. सह्या श्रावणात करून घ्या, भाद्रपद लागला की कुणी सापडत नाही.

एकच कलम आमचं अजून अडलंय. बॅनरवर मंडळांची नावं कुठल्या क्रमाने? आम्ही अक्षरानुक्रम लिहिला, सगळ्यांना मान्य झाला, आणि पुढच्याच मीटिंगला एका मंडळाने आपल्या नावाआधी "अखिल" लावायचा ठराव आणला. तो सध्या त्यांच्या कार्यकारिणीपुढे आहे.